दिसायला नको, पण कळायला हवं

सोमवार म्हणजे बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस. शाळा सुटून घरी आलो की त्या दिवशी ओट्यावर दोन-तीन माणसं बसलेली असतातच. बाजाराला आलोच आहोत तर सरांकडून अर्जही लिहून घेऊ, असा हिशेब. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारा माणूस असला की त्याचा अर्धा जन्म दुसऱ्यांच्या अर्जांत जातो. रेशनकार्डावरचं नाव चुकलंय, सातबाऱ्यावर वारस लावायचाय, आधारवर ‘शेख’चं ‘शेक’ झालंय. मी लिहून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो.

गेल्या महिन्यात अशाच एका सोमवारी माझा एक जुना विद्यार्थी आला. बाप बैलांचा व्यापारी, चाळीस वर्षं बाजारात दावणीला उभा राहिलेला. पोरगा बैलांत पडला नाही. आधी कांदा, मग आळेफाट्याकडे प्लॉट, आता दोन्ही. अंगात निळा ब्लेझर, आत पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल. आमच्याकडे आता धंदेवाल्याचा हाच गणवेश झालाय. पूर्वी पांढरं जाकीट होतं, ते पुढाऱ्यांकडे गेलं. चहा झाल्यावर तो हळूच म्हणाला, “सर, एक अर्ज लिखना था. पिस्तूल के लायसन का.”

मी पेन खाली ठेवलं.

मग त्याने मोबाईल पुढे केला. अमेरिकेतले व्हिडिओ. सुटाबुटातला एक गोरा माणूस आरशासमोर उभा राहून समजावतोय, कोट कुठे सैल हवा, पट्टा किती जाड हवा, खुर्चीत बसलं की उंचवटा दिसतो का, टेबलावरून वाकून कागद घेताना काय होतं. शिंप्याच्या दुकानात असावा तसा सगळा मामला. पोरगा म्हणाला, “आपल्याकडे असं बारकं कुठलं मिळतं, सर? ब्लेझरच्या आत बसलं पाहिजे. दिखना नै. पर है करके मालूम होना.”

दिसायला नको, पण आहे हे कळायला हवं. हे वाक्य महिना झाला तरी माझ्या डोक्यातून जात नाही. मी लिहितोय ते या वाक्याविरुद्ध. पोराविरुद्ध माझ्याकडे काही नाही, कारण त्याची भीती खोटी नाही.

ती आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी बाप-लेक पिकअपमधून बैलजोडी घेऊन रात्री निघाले होते. पेरणीआधीचे दिवस, जोडी एका शेतकऱ्याच्या दारात उतरवायची होती. वाटेत एक जीप आडवी लागली. सात-आठ जण उतरले. आधी नाव विचारलं. बाजाराची पावती मागितली, दाखवली तर फाडून टाकली. अडुसष्ट वर्षांच्या बापाच्या डोक्यावरची टोपी उडवली आणि दोन मुस्काटात दिल्या. एक जण मोबाईलवर सगळं उतरवून घेत होता. ज्या शेतकऱ्याने बैल घेतले होते तो फोन केल्यावर मोटारसायकलवर आला, त्याने आडनाव सांगितलं, तेव्हा जीप बाजूला झाली. बापाने तक्रार दिली नाही. “बाजारात परत उभं राहायचंय,” म्हणाला. पोराने त्या रात्री गाडीच्या स्टिअरिंगला धरून ठेवलेले हात त्याला अजून आठवतात.

मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. तेव्हापासून बैल घेऊन जाणारा मुसलमान व्यापारी हा रस्त्यावर कुणीही थांबवावा असा माणूस झाला. जून २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका महिन्यात दोघे जण अशा मारहाणीत गेले. लुकमान अन्सारी आणि अफान अन्सारी. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत सत्तरी ओलांडलेल्या एका हाजींना डब्यातल्या पोरांनी डब्यातल्या मटणावरून मारलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने राज्यभर जनावरांची खरेदीच बंद ठेवली, आणि गंमत म्हणजे आधी ओरडले ते शेतकरी, कारण म्हातारं जनावर विकायचं कुणाला? आणि आमच्याच जिल्ह्यातल्या हडपसरचा मोहसीन शेख. २ जून २०१४, नमाज पढून घरी निघालेला, आयटी कंपनीत नोकरी करणारा २४ वर्षांचा पोरगा. खटल्यातले आरोपी जानेवारी २०२३ मध्ये निर्दोष सुटले.

हे सगळं माहीत असलेल्या माणसाला मी ‘घाबरू नकोस’ असं कुठल्या तोंडाने सांगू? नाही सांगत. घाबर. पण घाबरलेल्या माणसाने काय विकत घ्यावं, यावर मला बोलायचंय.

आधी दुकानातला माल बघू. व्हिडिओतलं ते ऑस्ट्रियन पिस्तूल त्याला मिळणार नाही. नऊ एमएम हे आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. परदेशी हत्यारांची आयातही ऐंशीच्या दशकापासून सामान्यांसाठी जवळजवळ बंद आहे. राहतं ते पॉइंट बत्तीस आणि पॉइंट बावीस. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ काढलं, साधारण अर्धा किलो वजनाचं रिव्हॉल्व्हर, बायकांनी पर्समध्ये ठेवावं म्हणून. नाव दिल्लीच्या निर्भयावरून सुचलेलं. किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होती. पुढे ‘निडर’ आलं, पाव किलोचं. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं. निर्भीक, निडर, प्रबल. हकिमाच्या दुकानातल्या बाटल्यांवर असतात तशी नावं. रात्रपाळी करून एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या ज्या मुलीला खरा धोका आहे तिच्याकडे सव्वा लाख असते, तर ती एसटीच्या थांब्यावर उभी नसती.

मग परवाना. ग्रामीण भागात तो जिल्हाधिकारी देतात. पोलिसांचा अहवाल लागतो, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, डॉक्टरांचा दाखला लागतो, घरात हत्यार कुलपात ठेवीन अशी हमी लागते. आणि अर्जात कारण लिहावं लागतं. इथे आमचं पोरगं हुशारीने म्हणालं, “सर, बिबट्या टाका.”

जुन्नर-आंबेगावात बिबट्या हे कारण कुठेही चालतं, आणि ते खोटंही नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यात दोन लेकरं. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. शेवटी वनखात्याच्या नेमबाजांनी तो बिबट्या मारला. तिकडच्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या, ते फोटो आपण पाहिले. बिबट्या मागून येतो, उसातून येतो, वाकून खुरपणाऱ्या बाईवर नाहीतर खेळणाऱ्या पोरावर येतो. ब्लेझर घालून प्लॉट दाखवणाऱ्या माणसावर तो आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्या बायांच्या गळ्यातल्या खिळ्यांवर स्वार होऊन आपण कमरेला पिस्तूल लावायचं? मी त्याला म्हणालो, हे मी लिहिणार नाही. तो ओशाळला, एवढं त्याच्या बाजूने सांगतो.

आता त्या वाक्याकडे येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक जागी हत्यार नेण्याची रीत दिली आहे. ते म्यानात हवं, अंगाला बांधलेलं हवं, पूर्ण झाकलेलं हवं, ताब्यात हवं. म्हणजे ‘दिसायला नको’ हे कायद्यालाही हवंय. पण ‘कळायला हवं’ याचं काय? झाकलेलं हत्यार कळणार कसं?

कसं कळतं ते मला माहीत आहे. दोन ईदांपूर्वी नमाज झाल्यावर बाहेरगावचा एक कंत्राटदार भेटला. जुनी ओळख. आम्ही गळाभेट घेतली. उजव्या खांद्याला खांदा लावताना माझ्या बरगडीखाली काहीतरी टणक लागलं. मी मागे सरकलो. तो हसला. त्या हसण्यात माफी नव्हती, ‘कळलं ना?’ असं होतं. तिथून पुढे दुसऱ्याची गळाभेट घेताना मी आधी कमरेकडे पाहायला लागलो. ईदच्या दिवशी. तीन वेळा गळ्यात पडतो आपण, आणि मधे ते लोखंड. हा माणूस सजद्यात गेला तेव्हा ते कुठे होतं? शेजारी पोरं बसली होती.

असं कळतं. वलीम्यात दस्तरखानावर वाकताना कोट वर जातो. प्लॉटचा सौदा करताना घाम पुसण्याच्या निमित्ताने कोट बाजूला होतो. मुळशीतल्या शेतकऱ्यांसमोर पिस्तूल हातात घेऊन बोलणाऱ्या बाईंचा व्हिडिओ जुलै २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिला. जमिनीचाच वाद होता. समोर बंदुकीला भिणारा कोण असतो? रस्त्यावरची जीपवाली टोळी नसते. ज्याची अडीच एकर घ्यायची आहे तो म्हातारा असतो, ज्याची मजुरी थकली आहे तो गवंडी असतो, भाऊ असतो. कोटाखालचं पिस्तूल ज्यांच्यापासून धोका आहे त्यांना दिसत नाही आणि ज्यांना आपल्यापासून काही भीती नसावी त्यांनाच कळतं. माझं भांडण आहे ते इथे. पोरगं जीपवाल्यांना घाबरून हत्यार घेईल आणि ते कळेल मात्र त्याच्या कांदे भरणाऱ्या हमालाला.

“पण वेळ आली तर उपयोग होईल ना, सर?” होईल? २०२४ हे एकच साल घ्या. २ फेब्रुवारी, उल्हासनगर. जमिनीच्या वादात एका आमदाराने दुसऱ्या नेत्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा दाखल झाला. जागा कुठली, तर पोलीस ठाण्यातली वरिष्ठ निरीक्षकांची केबिन. हत्यार परवान्याचं. ८ फेब्रुवारी, दहिसर. अभिषेक घोसाळकर फेसबुक लाइव्ह संपवून उठत होते, शेजारी बसलेल्यानेच गोळ्या घातल्या आणि मग स्वतःलाही संपवलं. ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होतं. म्हणजे परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा. १ ऑक्टोबर, जुहू. अभिनेता गोविंदा पहाटे विमानाला निघताना रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होता, ते हातातून निसटलं आणि गोळी त्याच्याच पायात गेली. १२ ऑक्टोबर, दसरा, वांद्रे. बाबा सिद्दीकी. पैसा होता, ओळखी होत्या, सोबत पोलिसांचा सशस्त्र माणूस होता. फटाके वाजत होते, त्यात गोळ्या वाजल्या. ज्याला मारायचं असतं तो वेळ निवडतो. ज्याला वाचायचं असतं त्याला कोटाचं बटण काढायला लागणारा क्षणही मिळत नाही. दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराच्या पुलावर फिरायला निघाले होते. मारेकरी मागून आले. त्यांच्याकडे पिस्तूल असतं तर काय झालं असतं, असं मला विचारणारे भेटतात. काही नसतं झालं. पिस्तूल चोरीला गेलं असतं.

खरे गुन्हे बिनपरवान्याच्या कट्ट्यांनी होतात, परवानेवाल्यांना कशाला बोलता, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या उमर्टीत भट्ट्या पेटतात आणि माल पुण्यात येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथपर्यंत जाऊन त्या भट्ट्या मोडल्या. पण बीड बघा. संतोष देशमुख या सरपंचाचा ९ डिसेंबर २०२४ ला खून झाला, आणि मग बाकीच्या महाराष्ट्राला कळलं की त्या एका जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने आहेत. सगळे सरकारी शिक्क्याचे. हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओ तिथूनच आले. पुण्यात पोलीस आयुक्तांनी नाकारलेला एक परवाना गृहराज्यमंत्र्यांकडे अपिलात मंजूर झाल्याचं ऑक्टोबर २०२५ मध्ये गाजलं. ज्याचा हात वर पोचतो त्याला परवाना मिळतो. आमच्या पोराचा हात आळेफाट्यापर्यंत पोचतो.

समजा मिळाला. मग रात्री अकराला नाकाबंदीत गाडी थांबते. हवालदार लायसन मागतो, नाव वाचतो, टॉर्च आत मारतो. कोटाखाली उंचवटा. तुम्ही म्हणाल, परवाना खिशात आहे. आहे. पण त्या दहा सेकंदांत आधी काय वाचलं जाईल, परवाना की नाव, हे माझ्या वाचकांतल्या मुसलमानांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांनी जरा थांबून विचार करावा. आणि ती जीप परत आडवी आली? सात-आठ जण, एक मोबाईल सुरू. त्याने पिस्तूल काढलं, नुसतं काढलं. दुसऱ्या दिवशी व्हायरल काय होईल? बापाची उडालेली टोपी, की पोराच्या हातातलं पिस्तूल? गोळी सुटली तर भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं आहेत, स्वसंरक्षणाचा हक्क त्यांत लिहिलेला आहे. तो कोर्टात शाबित करायला वर्षं जातात आणि ती वर्षं बहुतेक आत जातात. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत बंदूक ज्याच्या हातात होती तो सरकारी गणवेशातला जवान होता. त्याच्या वरिष्ठाला आणि डब्याडब्यांतून तीन मुसलमान प्रवाशांना त्याने मारलं. त्या तिघांपैकी कुणाकडे निर्भीक असतं तर? चालत्या गाडीत, माणसांनी भरलेल्या डब्यात? मी या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न केलाय. मला दर वेळी जास्त प्रेतं दिसली.

माझ्या नानांकडे बाराबोरी होती. परवान्याची, दोन नळ्यांची, रानडुकरासाठी. लहानपणी सुट्टीत गेलो की ती भिंतीवर टांगलेली दिसायची, हात लावायला बंदी. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा नाना स्वतः सायकलला बंदूक बांधून ठाण्यात जमा करून आले. नानी रडली. म्हणाली, आता गरज आहे आणि आताच नेऊन दिली! नाना म्हणाले, घरात बंदूक आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, कुणी आलाच तर आधी तीच काढून घेईल. त्या दिवसांत चार रात्री ओट्यावर एक माणूस येऊन झोपला. गावातला बैलवाला. तो काही संत नव्हता. त्याच्याकडे नानांची बाकी होती, ती त्याने पुढेही पूर्ण दिली नाही. पण काठी घेऊन चार रात्री झोपला. बंदूक सात-आठ महिन्यांनी परत मिळाली, नळीत गंज. नानांनी ती विकून टाकली आणि विहिरीवर मोटार बसवली.

आजही निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात. म्हणजे गावात वातावरण तापलेलं असतं नेमक्या त्या दिवसांत कोट रिकामा. आमच्याकडे निवडणुका किती असतात ते मोजा: ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा, बाजार समिती, सोसायटी.

जमा होत नाही ते घरातलं पिस्तूल आणि घरातली माणसं. यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. ज्या अमेरिकेतले व्हिडिओ तो पाहतो तिथे २०२२ या एका वर्षात बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसं गेली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. चोर-दरोडेखोर नाही, स्वतःच. आता हे महाराष्ट्रात आणून बघा. कांद्याचा भाव पडलेला, प्लॉटचे हप्ते थकलेले, रात्रीचे दोन, आणि कपाटात अर्धा किलो निर्भीक. औषध पिलेल्या माणसाला नारायणगावला, मंचरला, पुण्याला पळवत नेता येतं. मी स्वतः एकाला नेलंय, वाचला, आज दूध घालतो. गोळीला हा अवधी नसतो. मी पोराला विचारलं, तुझा थकलेला हप्ता किती आहे? तो गप्प बसला. बायकोला माहीत आहे का, विचारलं. तो उठायला लागला.

त्याने जाता जाता एक मुद्दा मांडला, तो चांगला होता. म्हणाला, इंग्रजांनी १८७८ चा कायदा करून हिंदुस्थानी माणसाचं हत्यार काढून घेतलं, तुम्हीच शिकवलं होतं. हो, मीच शिकवलं होतं. गोऱ्याला सूट आणि काळ्याला परवाना, हा अपमान होता, आणि म्हणून १९३१ च्या कराची ठरावात हत्यार बाळगण्याचा हक्कही होता. पण पुढचा धडा बहुधा तो गैरहजर होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तोच हक्क घटनेत घालावा म्हणून दुरुस्ती आणली. बाबासाहेबांनी विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर तो उद्या गुंडापुंडांनाही मागता येईल, असा त्यांचा रोख होता. ज्या माणसाच्या समाजाला गावागावांत काठीने, कुऱ्हाडीने मारलं गेलं, ज्याला चवदार तळ्यावर आपल्या लोकांची डोकी फुटलेली पाहावी लागली, तो माणूस हे म्हणतोय. दुबळ्याच्या हातात बंदूक आली की सबळाच्या हातात दहा येतात, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. घटनेच्या १९ व्या कलमात आपल्याला जमण्याचा हक्क मिळाला, तो ‘शांततेने व विनाशस्त्र’ जमण्याचा.

आणि दीनदारांनी विचारलं म्हणून तेही. हदीस सगळ्यांना माहीत आहे, फक्त या संदर्भात आठवत नाही. आमच्या मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने टोकं हातात धरावीत, कुणा मुसलमानाला लागू नयेत, अशी ताकीद आहे. मशीद आणि बाजार, या दोनच जागांची नावं आहेत. बेल्ह्यात सोमवारी आपण याच दोन जागी असतो. भावाकडे हत्याराने नुसता इशारा करण्यालाही मनाई आहे, थट्टेतसुद्धा. ईदच्या गळाभेटीत बरगडीला लावून हसणं थट्टेत बसतं की इशाऱ्यात, ते मौलानांना विचारा.

मग करायचं काय? १७ जुलै २०१८ ला तहसीन पूनावाला यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या हिंसेबद्दल निकाल दिला. पूनावाला आपल्या पुण्याचेच. त्यात प्रत्येक जिल्ह्याला पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलाय, संवेदनशील भागांत गस्त सांगितली आहे, लगेच गुन्हा नोंदवायला सांगितलंय, खटला शक्यतो सहा महिन्यांत संपवायला सांगितलंय, भरपाईची योजना सांगितली आहे, कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई सांगितली आहे. न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये आता जमावाने केलेल्या खुनाला वेगळी तरतूदही आहे. आपल्यातल्या किती जणांनी या अधिकाऱ्याचं नाव विचारलं? मीही विचारलं नव्हतं, हे कबूल करतो. दहा वर्षं मी जलशांत भाषणं ठोकली आणि माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज केला नाही. पिस्तुलाचा अर्ज करणारा माणूस सरकारला काय लिहून देतो? की मला वाचवणं तुझं काम होतं, ते आता मी सव्वा लाखात माझ्या अंगावर घेतलं, तू मोकळा. सरकार खुशीने सही करेल. बीडमध्ये बाराशे वेळा केली.

त्या संध्याकाळी मी अर्ज लिहिला, पण दुसरा. नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा, बाजाराच्या आदल्या रात्री आणि सोमवारी रात्री आळेफाटा ते बेल्हे आणि पुढे आणे घाटापर्यंत गस्त असावी, बाजार समितीची पावती असलेल्या गाडीला खाजगी माणसांनी अडवलं तर गुन्हा नोंदवावा, दोन वर्षांपूर्वीच्या घटनेची उशिरा का होईना तक्रार घ्यावी. खाली सहीसाठी पाच जागा ठेवल्या. एक बापाची, एक पोराची, एक माझी. चौथी त्या शेतकऱ्याची, ज्याने त्या रात्री आडनाव सांगून गाडी सोडवली. पाचवी रिकामी ठेवली, बैलबाजारातला कुणीही चालेल.

पोराने कागद दोनदा वाचला. म्हणाला, “अब्बा सही नै करेंगे, सर.” मी म्हटलं, मग आधी त्या शेतकऱ्याची आण, ती बघून अब्बा करतील. त्याने कागद ब्लेझरच्या आतल्या खिशात ठेवला. त्याला तिथे जागा झाली.

गेल्या सोमवारी शेतकऱ्याची सही आली. बापाची अजून नाही. पिस्तुलाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही, पण व्हिडिओ तो अजून बघतो, बायकोने सांगितलं. ती माझीच विद्यार्थिनी. हप्त्याचं तिला आता माहीत झालंय.